उजव्या हाताची धार

पोटात भाला घुसलेला गडाचा पहारेकरी मरत होता, आणि निवृत्ती हसला. टेक गेला.

टेक म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग. मध्ये कुणी खोकलं, बाहेर म्हैस ओरडली, की पुन्हा पहिल्यापासून. तोडून जोडायची सोय आमच्याकडं नव्हती. अंबाजोगाईच्या बाजारात अप्पांचं कॅसेटचं दुकान होतं. दुकानामागच्या गोदामाच्या भिंतींना त्यांनी जुन्या गाद्या आणि बारदान ठोकून घेतलं होतं. त्याला आम्ही स्टुडिओ म्हणायचो. पंख्याची घरघर टेपमध्ये उतरते म्हणून पंखा बंद. उन्हाळा सरत आला होता, पण गोदामाला ते माहीत नव्हतं. पहारेकऱ्याचं काम करणारा माणूस बनियनवर उभा होता. तो बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज चांगला म्हणून घेतला होता.

निवृत्ती नाटकातला नव्हता. तो ऊसतोडीचा गडी. कारखान्यांचा हंगाम संपला की गावाकडं येऊन पावसाळ्यापर्यंत हमाली करायचा. बारदान ठोकायला आला होता आणि कोपऱ्यात हातोडी घेऊन गप बसला होता.

"कावून हसलास बे?" अप्पांनी विचारलं.

"चुकलं अप्पा."

"चुकलं ते कळलं. हसलास कावून?"

निवृत्तीनं माझ्याकडं बघितलं. "मास्तर, राग धरू नका. पर पोटात भाला गेल्यावर एवढं सलग कोण बोलतं? दम कुठून आणला त्यानं?"

मला राग आला. अप्पांना आला नाही. त्यांनी घड्याळ बघितलं होतं. "खरंय मास्तर. अडीच मिनिटं झाली, हा काय मरायला तयार नाही. साइड संपेल." मग त्या घोषणावाल्याकडं वळून म्हणाले, "आणि तू रं? पहारेकरी मरतोय का परळी गाडी लावतोय?"

मास्तर म्हणजे मी. शाळेत मी कधी शिकवलं नाही. जत्रेची नाटकं लिहून बसवणाऱ्याला आमच्याकडं मास्तर म्हणतात. घाटनांदूरला माझं घर. वीस वर्षं मी गावोगाव ऐतिहासिक नाटकं बसवली. माझे योद्धे पल्लेदार बोलायचे. पल्लेदार म्हणजे श्वास न घेता पानभर चालणारं वाक्य. 'या मातीच्या कणाकणात माझं रक्त मिसळू दे, या गडाच्या चिऱ्याचिऱ्यात माझा श्वास घुमू दे' असं सुरू झालं की शिट्ट्या पडेपर्यंत थांबायचं नाही. जत्रेत ते खपायचं. समोर दोन हजार माणसं, पिपाणीवाले, रडणारी पोरं. तिथं ओरडावंच लागतं.

पण दिवस बदलले. नवं धोरण आलं, बाजार मोकळा झाला. टेपरेकॉर्डर स्वस्त झाले. प्रत्येक जीपमध्ये, प्रत्येक ट्रकमध्ये डेक बसला. घरोघरी टीव्हीच्या मालिका आल्या आणि जत्रेच्या नाटकाला माणसं कमी व्हायला लागली. अप्पांचं घराणं कापडाचं. त्यांनी हे सगळं माझ्याआधी ओळखलं, अर्धं दुकान मोडून कॅसेटी भरल्या आणि मला बोलावलं. तासाभराचं नाटक, अर्धा तास एका बाजूला, अर्धा दुसऱ्या. दसऱ्याच्या आधी बाजारात. पहिली पेटी कपिलधारला स्वामींच्या समाधीपुढं ठेवून मग विक्री.

"कॅसेट माणूस कानाजवळ ऐकतो," अप्पा म्हणाले. "कानाजवळ ओरडल्यावर काय होतं मास्तर?"

"बंद करतो."

"मग लिहा परत."

दुपारच्या जेवणाला मी निवृत्तीला मागच्या लिंबाखाली घेऊन बसलो. राग होताच, पण गरजही होती. त्याच्याकडं भाकरी आणि ठेचा, माझ्याकडं डबा. मी म्हणालो, "तू हसलास. आता सांग, कसं बोलतात?"

"मी काय लढाईत गेलतो का?"

"टोळीत कसं बोलता ते सांग."

त्याला विचित्र वाटलं. पण बोलायला लागल्यावर थांबेना. टोळी म्हणजे दहा-बारा जोड्या. नवरा-बायकोची एक जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम मोजणी माणसांची करत नाही, कोयत्यांची करतो. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. दसरा-दिवाळीला निघायचं, परमुलखात पालं ठोकून राहायचं, आज हे रान, उद्या ते, आणि पाऊस पडायच्या आत घरी. तिथं माणसं काय बोलतात? पायात काटा गेला ते बोलतात. भाकरी कुणाच्या चुलीवर झाली, मीठ कुणाचं संपलं, मुकादमाच्या नव्या बुटाला चिखल कसा लागला, हे बोलतात. "गावाकडचं कुणी काढत न्हाई," तो म्हणाला. "काढलं की हात ढिला पडतो."

मी जेवायचं थांबलो. वीस वर्षं पोथ्या-पुस्तकांत योद्धे शोधले होते. जुनी फौज तरी काय होती? शेतकरीच. दसऱ्याला शिलंगण करून मुलूखगिरीला निघायचे, पाऊस पडायच्या आत परत. हातात पातं, वर एक नाईक, राहायला पाल, घर लांब. आमच्या जिल्ह्यातून दर साली ट्रकच्या ट्रक भरून असे लोक जात होते, आणि मी त्यांच्या तोंडी पानभर माती आणि चिरे घालत होतो.

मग मी तो प्रश्न विचारला. विचारायला नको होता असं म्हणत नाही. लेखकाला विचारावं लागतं.

"माणूस पडल्यावर काय बोलतो, निवृत्ती?"

त्यानं भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला.

"उत्तम पडलता," तो म्हणाला. "ह्याच माघात."

उत्तम त्याच्याच वस्तीचा. घाटनांदूरपासून पायी तासाभराची ती वस्ती. तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधतात, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात आणि वर एक जण त्या रचतो. उत्तम रचत होता. पाय सटकला आणि पाठीवर खाली आला. बायकांचा बाजारचा दिवस होता, त्याची बायको गयाबाई बाजाराला गेलेली. ट्रक अर्धा भरलेला. त्या रानात दुसरी गाडी नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, अर्धी गाडी मी हलवत नाही. मुकादम म्हणाला, हात उचला, पटकन भरा, मग केबिनमध्ये घालून नेऊ.

"मग?"

"भरला." निवृत्ती जमिनीकडं बघत होता. "सगळ्यांनी मिळून भरला. पाऊण तास लागला आसंल. त्याला उसाच्या सावलीला निजवलता. त्यो तिथनं बघत हुता. म्हणला, मोळ्या नीट लावा रं, वाटंत सांडत्याल."



"मग कोयत्याचं म्हणला. माझा कोयता तिला देऊ नका. धार उजव्या हाताची हाय, तिचा हात डावा हाय, कापंल तिला." ऊसतोडीच्या कोयत्याला धार एका अंगानं लावतात. उजव्या हाताची धार डाव्या हातात गेली तर पातं उसावरून घसरतं आणि ऊस धरलेल्या हाताकडं येतं. हे मला त्यानं हातानं करून दाखवलं. "कारखान्यावर पोचायच्या आधी गेला."

"गयाबाईला हे माहीत आहे?"

"न्हाई. तिला सांगितलं, जागेवरच गेला, एक शबुद बोलला न्हाई. बोलला म्हणलं तर ती इचारणार. कवा बोलला? किती येळ बोलला? तवर तुमी काय करीत हुता?" त्यानं वर बघितलं. "हे आपल्यातच ठिवा मास्तर."

"ठेवतो," मी म्हणालो.

घरी जाताना एसटीत मी वही काढली आणि टिपून घेतलं. टिपण मी दोन-चार शब्दांचंच करायचो. बाकीचं डोक्यात राहतं असा माझा समज होता.

पुढच्या आठ दिवसांत मी नाटक नव्यानं लिहिलं. किल्ला कुठला, राजा कोण, हे मुद्दाम लिहिलं नाही. मग कुणी भांडायला येत नाही. तीन पहारेकरी. पहिला अर्धा तास ते वहाणांवरून भांडतात, भाकरी वाटून खातात, नाइकाच्या नव्या पागोट्याला हसतात. मग हल्ला येतो. एक जण दाराबाहेर पडतो. बाकीच्या दोघांना आधी दार लावायचा हुकूम आहे, मग त्याला आत घेण्याचा. ते दार लावतात. बाहेरून त्याचा आवाज येत राहतो. अडसर नीट लावा रं, म्हणतो. आणि मग:

'माझी तलवार तिच्याकडं देऊ नका. परवाच धार लावलीया. उजव्या हाताची धार हाय, तिचा हात डावा. सवयीनं उचलंल, अन् कापंल तिला.'

कोयत्याची तलवार केली, एवढीच माझी प्रामाणिक मेहनत. तलवारीला उजव्या-डाव्या हाताची धार नसते, हे मला माहीत होतं. ऐकणाऱ्याच्या ते ध्यानात येणार नाही, हेही माहीत होतं.

अप्पांनी वाचलं आणि चष्मा काढला. "हात डावा कशाला? उगाच गोंधळ."

"त्यामुळंच खरं वाटतं अप्पा. बनवणारा माणूस डावा हात बनवत नाही."

हे वाक्य मी बोललो होतो. आता लिहिताना पुन्हा दिसलं.

रेकॉर्डिंगला मी त्या घोषणावाल्याला सांगितलं, गाडी लावू नको. शेजारी बसलेल्याला विडी मागतोस तसं बोल. पहिल्याच टेकला झालं.  अप्पांनी मशीन बंद करायला उशीर केला, म्हणून मूळ टेपमध्ये शेवटी थोडी नुसती शांतता आहे. ती तशीच ठेवली. निवृत्ती त्या दिवशी नव्हता. पेरणीला गेला होता.

कॅसेट चालली. पानटपऱ्यांवर, गिरण्यांवर, केशकर्तनालयात. लोक तो दाराचा प्रसंग मागं नेऊन पुन्हा लावायचे. नवरात्रात आमच्या गावच्या मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. अध्यक्षांनी माइकवर विचारलं, "मास्तर, ते तलवारीचं वाक्य सुचलं कसं?"

"सुचतं," मी म्हणालो. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवृत्ती हॉटेलात भेटला. माझ्या बाकावर येऊन बसला. चहा सांगितला नाही.

"मी शबुद घेतलता तुमचा."

"नाव कुठं आहे कुणाचं? तलवार केलीय मी."

"तलवार केलीत, बरं केलंत. पर हात तरी उजवा करायचा."

"कुणाला कळतंय?"

"तिला."

"ती कुठं कॅसेट ऐकायला जाते?"

"ट्रकात," तो म्हणाला आणि उठला.

त्या साली कारखाने लवकर सुरू झाले. दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर ट्रक लागला. वस्तीवरची टोळी तिथूनच भरायची. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या, माणसं. ड्रायव्हरनं डेक लावला होता. मी ओट्यावर पेपर वाचत होतो आणि आपलेच संवाद ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. वहाणांचं भांडण आलं तेव्हा ट्रकातली माणसं हसली.

मग दाराचा प्रसंग आला, आणि एक बाई ट्रकातून उतरून सरळ माझ्या ओट्याकडं आली. कपाळ मोकळं. काखेत गाठोडं. मी गयाबाईला त्याआधी बाजारात एक-दोनदा लांबून बघितलं होतं.

"मास्तर तुमीच ना?"

"हो."

"टेपात त्यो मरणारा गडी बोलतोय, ते तुमी लिवलं?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मनानं लिहिलं."

"डावा हातबी मनानंच?" तिनं डावा हात पुढं केला. तळव्याला घट्टे. "माझा हाय डावा. रोज सकाळी मालक म्हणायचे मला, त्यो उचलू नको, तुझा हात डावा. आमच्या पालात दोघांशिवाय कोण हुतं ऐकाया?"

मी तिच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. ट्रकात निवृत्ती उभा होता, फळीला धरून. माझ्याकडंच बघत होता. मुकादम केबिनजवळ तंबाखू मळत होता.

"सगळे म्हणत्यात जागेवरच गेले. एक शबुद बोलले न्हाईत," ती म्हणाली. "मी बाजाराला गेलते. हळद आणली, चहापत्ती आणली. आले तर कुणीच न्हाई पालावर. म्हणून इचारते."

ट्रकनं हॉर्न दिला.

तिनं गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि एक टोक सोडलं. फडक्यात गुंडाळलेला कोयता होता. "हा त्यांचा. माझ्या कोयत्याची मूठ गेली. अर्धा कोयता म्हणून चालले आता. हा चांगला हाय, धार अजून तशीच हाय. न्यावा का ठिवावा, एवढंच सांगा. त्यांनी नगं म्हणलं आसंल तर ठिवून जाते. तिकडं बघंन दुसरा."

मला एक शब्द बोलायचा होता. ठेवा. एवढाच. तो बोललो असतो तर पुढचे प्रश्न आले असते. निवृत्तीला ज्याची भीती होती तेच. कवा बोलले, किती येळ बोलले. टोळीतल्या प्रत्येक माणसाला तिच्यासमोर खाली बघत हंगामभर ऊस तोडावा लागला असता. निवृत्तीसाठी गप बसलो असं मी पुढं किती तरी वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही. पण घरात खुंटीवर शाल होती. आठवड्यापूर्वी माइकवर 'सुचतं' म्हणालो होतो, आणि गावानं टाळ्या दिल्या होत्या. ते आधी आठवलं. निवृत्ती नंतर.

पुन्हा हॉर्न झाला. मुकादम ओरडला, "ए गया, गाडी तुझ्यासाठी थांबायची का?"

"घेऊन जा," मी म्हणालो. "नाटकातलं असतं ते. खरं नसतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी शिकलेला माणूस. मी कशाला खोटं बोलेन?

"बरं," ती म्हणाली. फडकं पुन्हा गुंडाळलं. गाठोड्याची गाठ दातांनी ओढली. निवृत्तीनं तिला हात देऊन वर घेतलं. ट्रक भरला होता. निघाला.

मी गयाबाईला पुन्हा बघितलं ते चैत्रात, आठवडी बाजारात. भाजीची पिशवी डाव्या हातात होती. उजवा पदरात. भाजीवाल्यानं कोथिंबीर पुढं केली तेव्हा पदर सरकला. उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती. मी पलीकडच्या ओळीत वळलो.

निवृत्ती रस्त्यात भेटला. मी विचारलं नाही, तरी त्यानं सांगितलं. "दुसऱ्याच आठवड्यात." तेवढंच. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

कॅसेटी गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. अप्पांच्या दुकानात आता त्यांचा नातू मोबाइलची कव्हरं विकतो. पण ते वाक्य राहिलं. स्नेहसंमेलनात पोरं म्हणतात. एकपात्री स्पर्धेत म्हणतात, आणि हटकून ओरडून म्हणतात. परीक्षक म्हणून बोलावतात तेव्हा मला ते ऐकावं लागतं. 'उजव्या हाताची धार हाय' म्हणताना पोरगं तलवार उपसल्यासारखा हात वर करतं. मी गुण देतो.

यंदा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या नियतकालिकानं लेख मागितला. विषय त्यांनीच दिला: योद्ध्यांच्या तोंडी सहज वाटणारे, पटणारे संवाद कसे लिहावेत. तुमच्या त्या गाजलेल्या वाक्याची जन्मकथा सांगा, असं पत्रात होतं. माझं वय आता पंचाहत्तरच्या पुढं आहे. लिहायला बसलो आणि दोन दिवस एक ओळ आली नाही. तिसऱ्या दिवशी रिक्षा करून वस्तीवर गेलो.

गयाबाई दारात बसून शेंगा फोडत होत्या. डाव्या हातानं फोडायच्या, उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी दाणे बाजूला करायच्या. डोळ्यांना कमी दिसतं. नाव सांगितल्यावर ओळखलं. सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी सगळं सांगितलं. ट्रक, पाऊण तास, उसाची सावली, मोळ्या नीट लावा म्हणाले ते. कोयत्याचं. निवृत्तीनं लिंबाखाली कसं सांगितलं ते. मी ओट्यावर खोटं बोललो ते, आणि का बोललो ते. शालीचंही सांगितलं. बोलताना त्यांच्या हाताकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही.

त्यांचं शेंगा फोडणं थांबलं नाही.

"बोटांचं काय धरून बसताव," त्या म्हणाल्या. "टोळीत कुणाची न्हाईत गेली? गाडी भरली त्याचंबी काय. मी असते तर मीबी भरली असती. दुसरी गाडी कुठं हुती?"

मी म्हणालो, "मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं."

"तवा म्हणलाव, नाटकातलं हाय, खरं नसतं. आज म्हणताव खरं हाय." त्यांनी एक शेंग दाताखाली फोडली. "दोन्ही येळंला तोंड तुमचंच. कोणतं धरू?"

"वहीत लिहिलंय मी. त्या वेळचं."

"वहीत तर नाटकंबी लिवलीत की."

सून चहा ठेवून गेली.  मग त्याच म्हणाल्या, "म्हणून दावा बरं. कसं म्हणाले ते."

मी म्हणून दाखवलं. माझा कोयता तिला देऊ नका, परवाच धार लावलीया, उजव्या हाताची धार हाय, तिचा हात डावा, सवयीनं उचलंल, कापंल तिला. मला वाटलं मी हळू बोलतोय. पण आयुष्यभराची सवय. ते कॅसेटसारखंच आलं. आत सुनेचं काम थांबलं.

गयाबाईंनी मान हलवली.

"एवढं सलग?" त्या म्हणाल्या. "ते न्हाई एवढं बोलायचे. मोडलेल्या पाठीनं तर मुळीच न्हाई." मग शेंगांवरचा हात पहिल्यांदा थांबला. त्या समोर कुठं तरी बघत होत्या. "'कोयता तिला नगं.' एवढं म्हणाले आसतील. मग जरा गप. मग 'हात डावा.' झालं. बाकीचं तुमी लावलं."

त्यांनी ते दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझ्यासाठी नव्हतं. मी उठलो तेव्हा त्यांनी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

घरी येऊन जुनी पेटी उघडली. वही वाळवीनं कडेला खाल्ली आहे, पण ते पान शाबूत आहे. एसटीत लिहिल्यामुळं अक्षर हललेलं आहे. त्यावर पाच शब्द आहेत. 'कोयता तिला नको. हात डावा.' परवाच धार लावल्याचं नाही. सवयीनं उचलंल, हे नाही. कापंल तिला, हेही नाही. निवृत्तीच्या तोंडी मी वर जे घातलं आहे, ते तसंच त्यानं सांगितलं होतं असं मला आजवर वाटत होतं. आता खात्री नाही. खोडायला हवं होतं. खोडत नाही. कसं होतं ते लोकांना दिसावं.

तेव्हा नोंद दुरुस्त करतो. त्या वाक्यातले पाच शब्द वस्तीवरच्या उत्तमचे आहेत. उसाच्या सावलीला पडून, बायकोसाठी बोललेले. ते तिला पोचायला जितका वेळ लागला, तो माझ्यामुळं. बाकीचं वाक्य माझं.

संवाद कसा लिहावा याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पोटात भाला गेल्यावर एवढं सलग कुणी बोलत नाही. हे मला निवृत्तीनं पहिल्याच दिवशी हसून सांगितलं होतं.